भेट द्यायची गरीची काठी

सौंदड हे आमचे गाव. ते गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनी तालुक्यात आहे. चुलबंद नदी आमच्या तालुक्यातून वाहते. गावोगावी तलाव आहेत, बोड्या आहेत. पाऊस ओसरला, पाणी निवळले, की काठावर माणसे गरी टाकून बसतात. म्हातारे बसतात, पोरेही बसतात.

अशा माणसाला भेट काय द्यावी? गरीची चांगली काठी द्यावी. पण ती निवडायची कशी? आज आपण तेच पाहू.

आधी आमचीच एक गोष्ट सांगतो. आमचा एक भाचा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला गरीचा फार नाद. आम्ही ठरवले, दिवाळीला त्याला काठी द्यायची. बांबूच्या बेटात गेलो. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत जाड बांबू निवडला. तो साफ केला. तेल लावले. रंगीत दोरा गुंडाळला. पाहणारे म्हणाले, "वा गुरुजी, काठी झाली!"

पुढच्या दिवाळीला बहिणीकडे गेलो. काठी घराच्या कोपऱ्यात उभी होती. बहिणीने तिच्यावर लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या. आम्ही भाच्याला विचारले, "का रे, गरी टाकत नाहीस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मामाजी, काठी भारी आहे. हात दुखते."

चूक त्याची नव्हती, आमची होती. आम्ही काठी पाहिली, हात पाहिला नाही. म्हणून पहिला नियम हा: काठी निवडण्याआधी ती धरणारा हात पाहावा.

कोरी काठी

मूठ नाही, दोरा ओवायच्या कड्या नाहीत, रीळ नाही, अशी जी नुसती काठी, तिला आपण कोरी काठी म्हणू. शहरातील दुकानदार तिला ब्लँक म्हणतात. मूठ पुढे बदलता येते. कड्या बदलता येतात. कोरी काठीच वाईट निघाली तर काहीच करता येत नाही. तांदूळच किडका असला तर फोडणी देऊन काय होणार?

काठी घेण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्या. घेणाऱ्याचे वय आणि ताकद किती? तो कुठे बसतो, मोकळ्या काठावर की झुडपात? तो कोणता मासा धरतो? आणि काठी नेतो कशी, पायी, सायकलवर की रेल्वेने?

लहान मुलाला पाच फुटांची हलकी काठी पुरते. मोठ्या माणसाला सहा-सात फुटांची चालते. काठावर झुडपे असतील तर आखूड काठी बरी. मरळ गवतात आणि कमळाच्या वेलात दडते. तिला ओढून काढायला ताठ काठी लागते. लहान माशांना मऊ काठी हवी. ताठ काठीने लहान माशाचे तोंड फाटते आणि मासा सुटतो.

बांबू कोणता घ्यावा

आपल्याकडे मुख्यतः दोन बांबू दिसतात. एक काटस. तो जाड, काटेरी आणि आतून पोकळ असतो. दुसरा मानवेल. तो बारीक असतो आणि बराचसा भरीव असतो. गरीसाठी मानवेल घ्यावा.

कोवळा बांबू घेऊ नये. पावसाळ्यात बांबूला कोंब येतात. आपण त्यांना वास्ते म्हणतो, त्यांची भाजी करतो. वास्ता काही महिन्यांतच पूर्ण उंच होतो. पण उंच झाला म्हणजे पक्का झाला असे नाही. पहिल्या वर्षी त्याच्या कांड्यांना वाळके आवरण चिकटलेले असते. सालीवर पांढरी भुकटी असते. असा बांबू सोडून द्यावा. तीन वर्षांचा बांबू पक्का होतो. त्याची साल मळकट दिसते. बोटाने टिचकी मारली तर टणक आवाज येतो.

बांबू हिवाळ्यात तोडावा. पावसाळ्यात तोडू नये. तेव्हा बेट नवे कोंब वाढवत असते, त्याला धक्का बसतो. शिवाय बांबूच्या आत पिठूळ अंश असतो. घुणे किडा तोच खायला येतो. तोडलेला बांबू पंधरा-वीस दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा. पिठूळ अंश बराच निघून जातो, मग घुण कमी लागते. नंतर बांबू सावलीत उभा करून महिना-दीड महिना वाळवावा. उन्हात टाकला तर तो तडकतो. घाई करू नये. "पी हळद आणि हो गोरी" असे इथे चालत नाही.

बांबू थोडा वाकडा असेल तर तो मंद निखाऱ्यावर फिरवत गरम करावा. मऊ झाला की हळूहळू सरळ करावा, आणि ओल्या फडक्याने थंड होईपर्यंत तसाच धरावा. गाठी थोड्या घासाव्या. पण वरची साल तासू नये. बांबूचे पक्के तंतू सालीलगतच दाट असतात. साल गेली की जोर गेला.

वाकवून पाहा

आता खरी परीक्षा. काठीची मूठ घट्ट धरा. टोकाला पाव किलो वाळूची पिशवी बांधा. काठी कुठे वाकते ते पाहा.

फक्त वरचा भाग वाकला तर ती टोकाची काठी. ती आमिष लांब फेकते आणि झटका लगेच देते. अर्ध्यापासून वाकली तर ती मधली. ती नवशिक्यासाठी चांगली, कारण ती चूक सांभाळून घेते. मुठीपर्यंत वाकली तर ती मऊ काठी. लहान माशांसाठी ती ठीक. पिशवी काढल्यावर काठी लगेच सरळ झाली पाहिजे. वाकडीच राहिली तर घेऊ नका.

काठीला कणाही असतो. काठीचे बूड जमिनीवर टेका. टोक तळहातावर ठेवा. दुसऱ्या हाताने मधोमध दाबून काठी गोल फिरवा. एका बाजूला ती जास्त ताठ लागते. तिथे खडूने रेघ ओढा. कड्या याच रेघेत बसवाव्या.

हीच आपली काठी परदेशात

तुम्ही म्हणाल, बांबूची काठी ती काय मोठी! पण ऐका. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील कारागीर भारताचा बांबू नेत. तो कलकत्ता बंदरातून जाई, म्हणून त्याला तिकडे कलकत्ता बांबू म्हणत. हा मानवेलच्या जातीचा बांबू समजला जातो. तो चिरून त्याच्या सहा पट्ट्या चिकटवत आणि काठी करत. पुढे चीनमधला टोंकिन बांबू त्यांना जास्त आवडला. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. तेव्हा तिकडे काचतंतूच्या काठ्या वाढल्या. १९७३ च्या सुमारास कार्बनच्या काठ्या आल्या. त्या फार हलक्या असतात.

या काठ्यांवर रीळ मुठीखाली लटकते. चमच्यासारखे चमकते खोटे आमिष लांब फेकायचे आणि रीळ फिरवून ओढायचे. आमिष पाण्यात गरगरत येते, म्हणून त्या कामाला स्पिनिंग म्हणतात. कोऱ्या काठीवर लांबी, दोऱ्याची ताकद आणि आमिषाचे वजन लिहिलेले असते. ते आकडे वाचून घ्यावेत. ५ ते १५ ग्रॅम लिहिले असेल तर तेवढ्याच वजनाचे आमिष फेकावे. आता आपल्याला वाचता येते, तेव्हा दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत बसायचे कारण नाही. रेल्वेने जाणाऱ्याला दोन तुकड्यांची काठी द्यावी.

एक इशारा नीट ध्यानात ठेवा. कार्बनमधून वीज वाहते. ओल्या बांबूतूनही वाहते. शेतावरून, बोडीवरून विजेच्या तारा गेल्या असतील तर तिथे काठी उभी करू नका. भेट देताना मुलाला हे आधी सांगा. काठी तुटली तर दुसरी मिळते, पोर गेले तर मिळत नाही.

बांबू आणावा कुठून

आपल्या बांधावरचा बांबू उत्तम. २०१७ साली भारतीय वन कायदा बदलला. तेव्हापासून जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू त्या कायद्यात झाड धरला जात नाही. जंगलातील बांबूची गोष्ट वेगळी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथे ग्रामसभेला विचारावे. इतर ठिकाणी वनरक्षकाला विचारावे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातून काठी आणायची नाही. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर गरी टाकण्याआधी त्यांचीही परवानगी घ्यावी. आपली भेट दुसऱ्याला दंड भरायला लावणारी नसावी.

शेवटी भाच्याची गोष्ट पुरी करतो. त्या दिवाळीनंतर आम्ही त्याला जवळ उभे केले. त्याच्या हातात चार काठ्या दिल्या. म्हटले, "तूच सांग, कोणती हलकी वाटते?" त्याने सगळ्यांत बारीक काठी उचलली. ती दिसायला साधी होती. आम्ही ती वाळवली, सरळ केली, त्याच्या हाताच्या मापाने मूठ बांधली. रंगीत दोरा मात्र लावला नाही.

ती काठी कोपऱ्यात राहिली नाही. सुट्टीच्या दिवशी ती बोडीवर असे. मुठीजवळ त्याच्या हाताने ती गुळगुळीत झाली. मग आम्हांला कळले, भेट चांगली झाली की नाही हे देणाऱ्याने ठरवायचे नसते. ते घेणाऱ्याचा हात सांगतो.