भाड्याची ट्रॉली, तळ्यातला गाळ

2017 साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, तेव्हा गाळ वाहण्याचा खर्च शेतकऱ्याकडेच होता. भाडे खेपेवर, म्हणून ट्रॉली शिगोशीग भरायचा मोह होतो. तो आवरावा. ओला गाळ तर भरूच नये. भाडे देऊन आपण पाणीच वाहतो. शिवाय तो तळाला चिकटतो आणि ट्रॉली उचलताच एका अंगाला कलंडते. दोनचाकी ट्रॉलीत वजन आखाच्या किंचित पुढे ठेवावे. मागे जास्त झाले की हूक वर उचलला जातो व ट्रॅक्टरची चाके जागीच फिरतात. पोरांना भरल्या ट्रॉलीवर बसवू नका. आपल्या बीडकडचे चढउतार तुम्हाला ठाऊकच आहेत. रिकामी करताना जागा सपाट हवी, वर विजेची तार नको. ढिगांच्या जागी आधीच फक्की टाकून ठेवावी. खेप खोळंबत नाही.