अडॅप्टर, जुन्या व्हिडिओ खेळयंत्रांचे

घरगुती वीजपुरवठ्यातील उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे (ठराविक कालाने दिशा उलटसुलट बदलणाऱ्या प्रवाहाचे) खेळयंत्रास किंवा त्याच्या जोडसाधनास मानवणाऱ्या कमी दाबाच्या प्रवाहात रूपांतर करणाऱ्या व यंत्राबाहेर राहणाऱ्या साधनास अडॅप्टर म्हणतात. १९७० ते १९९५ या काळातील बहुतेक खेळयंत्रांत ही योजना आढळते. अवजड रोहित्र (विद्युत् दाब बदलणारे साधन) बाहेर ठेवल्याने यंत्र आटोपशीर होते, त्यात कमी उष्णता निर्माण होते आणि निरनिराळ्या देशांतील वीजपुरवठ्यांसाठी केवळ अडॅप्टर बदलून तेच यंत्र विकता येते. तथापि मूळ अडॅप्टर हरवला वा निकामी झाला म्हणजे पर्यायी अडॅप्टर निवडण्याचा प्रश्न उभा राहतो. ही यंत्रे व त्यांची जोडसाधने आता तयार होत नसल्याने चुकीच्या निवडीने झालेली हानी भरून काढणे अवघड असते. प्लग खोबणीत नीट बसला म्हणजे अडॅप्टर योग्य आहे, असा समज सर्वांत घातक होय. त्या काळी प्लगचा आकार व त्यातून येणारा प्रवाह यांची सांगड घालणारे सर्वमान्य मानक नव्हते. म्हणून निवडीचा आधार प्लगचा आकार हा नसून यंत्रावरील व अडॅप्टरवरील पट्टीवर छापलेली माहिती हा असावा. तीत पुढील पाच गोष्टी क्रमाने पहाव्या लागतात.

आदान दाब : घरगुती पुरवठा जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झ आणि भारतात २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ असा आहे. जपान वा अमेरिकेतून आणलेला रोहित्रयुक्त अडॅप्टर भारतातील पुरवठ्यास सरळ जोडल्यास रोहित्राचा गाभा चुंबकीय दृष्ट्या संपृक्त होतो, वेटोळ्यातून अतोनात प्रवाह वाहतो व ते जळते. अलीकडील स्विचन पद्धतीच्या अडॅप्टरांवर १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला छापलेला असल्यास ते कोणत्याही देशात वापरता येतात.

प्रवाहाचा प्रकार : बहुतेक यंत्रांना एकदिश प्रवाह (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) लागतो. निन्टेंडो कंपनीचे १९८५ साली अमेरिकेत आलेले निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम हे यंत्र याला ठळक अपवाद आहे. त्याचा अडॅप्टर ९ व्होल्ट, १.३ अँपिअर इतका प्रत्यावर्ती प्रवाहच देतो. प्रवाह एकदिश करणारा चार द्विप्रस्थांचा सेतू यंत्राच्या आत असतो. त्यामुळे या यंत्रास एकदिश प्रवाहाचा योग्य दाबाचा अडॅप्टर कोणत्याही ध्रुवतेने जोडला तरी चालतो. उलटपक्षी त्याचा अडॅप्टर १९८३ च्या जपानी फॅमिकॉमला किंवा सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हला (१९८८) जोडल्यास प्लग बसतो, पण विद्युत् विच्छेद्य धारित्रांवर प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्या भागात उलटा दाब पडून ती फुगतात व दाबनियामकही निकामी होऊ शकतो.

ध्रुवता : प्लगमधील मधला भाग धन की ऋण, हे अडॅप्टरवरील लहानशा आकृतीने दर्शविलेले असते. आकृतीतील मधल्या ठिपक्याला जोडलेले चिन्ह हे मधल्या भागाचे व त्याभोवतीच्या अपूर्ण वर्तुळाला जोडलेले चिन्ह हे बाहेरील भागाचे होय. फॅमिकॉम व पहिला मेगा ड्राइव्ह यांत मधला भाग ऋण असतो, तर आजच्या बहुसंख्य सर्वसाधारण अडॅप्टरांत तो धन असतो. अटारी २६०० (१९७७) या यंत्राचा प्लग ३.५ मिमी. व्यासाच्या श्राव्य प्लगसारखा असून त्याचे टोक धन असते. असा प्लग घालताना वा काढताना क्षणभर मंडल संक्षेपित होऊ शकते. म्हणून अडॅप्टर भिंतीवरील पुरवठ्यास शेवटी जोडणे इष्ट ठरते.

प्रदान दाब : अनेक यंत्रांत येणारा दाब ५ व्होल्टवर स्थिर राखणारा रेषीय दाबनियामक असतो. त्याच्या योग्य कार्यासाठी आदान दाब सुमारे ७ व्होल्टपेक्षा अधिक लागतो. मात्र अतिरिक्त दाबाचे उष्णतेत रूपांतर होते. समजा, यंत्र ०.८ अँपिअर प्रवाह घेत आहे. आदान दाब ९ व्होल्ट असता नियामकात (९–५) × ०.८ म्हणजे ३.२ वॉट, तर १२ व्होल्ट असता ५.६ वॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. यावरून ९ व्होल्टऐवजी १२ व्होल्टचा अडॅप्टर ‘चालतो’ असे वाटले, तरी यंत्राचे आयुष्य कसे घटते ते ध्यानात येईल. जुने अनियमित अडॅप्टर भार नसताना छापील आकड्याहून बराच जास्त दाब दर्शवितात. ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर १३ व्होल्ट आढळणे हा दोष नव्हे.

प्रवाहक्षमता : अडॅप्टरवरील अँपिअरचा आकडा हा तो देऊ शकणाऱ्या प्रवाहाची कमाल मर्यादा होय. यंत्र आपल्या गरजेपुरताच प्रवाह घेते, म्हणून दाब व ध्रुवता योग्य असल्यास अधिक क्षमतेचा अडॅप्टर निर्धोक असतो. कमी क्षमतेचा अडॅप्टर मात्र तापतो, दाब खाली येतो आणि खेळ मध्येच थांबतो वा चित्र थरथरते.

जोडसाधनांचा विशेष प्रश्न : काही जोडसाधने यंत्राकडून शक्ती न घेता स्वतंत्र पुरवठा मागतात. फॅमिकॉमचे चकती-साधन (१९८६) सहा विद्युत् घटांवर किंवा ९ व्होल्टच्या स्वतंत्र अडॅप्टरवर चालते, तर खुद्द फॅमिकॉमचा अडॅप्टर १० व्होल्ट, ०.८५ अँपिअर असा असतो. पहिला मेगा ड्राइव्ह, मेगा सीडी (१९९१) व ३२-एक्स (१९९४) ही तिन्ही एकत्र जोडल्यास तीन अडॅप्टर लागतात. पहिल्या दोहोंना ९ व्होल्ट, १.२ अँपिअर व मध्य ऋण, तर तिसऱ्याला १० व्होल्ट, ०.८५ अँपिअर, मध्य धन व निराळा, बारीक प्लग लागतो. या तिहींचे ऋण टोक यंत्रांच्या आपसांतील जोडणीमुळे सामाईक होते. त्यामुळे एकाच मोठ्या अडॅप्टरच्या अनेक शाखा करून त्यांतील एकीची ध्रुवता उलटी जोडली गेल्यास पुरवठाच संक्षेपित होतो. सामाईक अडॅप्टर वापरावयाचाच झाल्यास प्रत्येक शाखेची ध्रुवता स्वतंत्रपणे तपासावी आणि क्षमता सर्व प्रवाहांच्या बेरजेइतकी, म्हणजे येथे किमान ३.२५ अँपिअर, असावी.

तपासणी : जुन्या अडॅप्टरमधील धारित्रे कालांतराने सुकतात. मग छापील दाब मिळत असूनही प्रवाहातील तरंग वाढतात व ध्वनीत गुणगुण अथवा चित्रात आडवे पट्टे दिसतात. म्हणून प्रथम बहुमापकाने दाब व ध्रुवता मोजून, नंतर यंत्र जोडून काही वेळाने अडॅप्टर किती तापतो ते पहावे. वेष्टन तडकलेला, तार उघडी पडलेला अथवा जळका वास येणारा अडॅप्टर मूळचा असला, तरी वापरू नये.