स्टेपर मोटारीच्या तारा ओळखताना

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले, तेव्हा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला होता. तेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा बनले. याच शहरातील उर्दू माध्यमाचा एक माजी विद्यार्थी जुन्या प्रिंटरमधील स्टेपर मोटार घेऊन माझ्याकडे आला. मोटार नुसती थरथरत होती. इंग्रजी माहितीपत्रक त्याला वाचता येत होते, पण उमगत नव्हते. भाषेच्या अध्यापकाने मोटारीवर लिहावे ते याच कारणासाठी.

साधी मोटार वीज मिळताच फिरत राहते. स्टेपर मोटार एकेक पाऊल टाकते. बहुतेक मोटारींत एका फेरीची २०० पावले असतात, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. त्यासाठी आतील दोन वाइंडिंगना ठरावीक क्रमाने वीज द्यावी लागते. एकीची तार दुसरीच्या जागी गेली की क्रम बिघडतो व मोटार जागच्या जागी थरथरते.

रंगांवर विसंबू नये. ते प्रत्येक कंपनीचे निराळे असतात. मोटार सर्किटपासून सोडवून मल्टिमीटर ओहमवर ठेवावा. मीटर रोध मोजतो. उर्दू पुस्तकांत यालाच 'मुजाहमत' म्हणतात. हा शब्द सांगताच विद्यार्थ्याचा चेहरा उजळला! चार तारांपैकी ज्या दोहोंत काही ओहम दिसतात त्या एकाच वाइंडिंगच्या. दोन्ही जोड्यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक फारच कमी असल्यास आतील वेढे एकमेकांना चिकटले असे समजावे. तार आणि मोटारीचे धातूचे अंग यांत मात्र जोड दिसता कामा नये.

खरा घोटाळा सहा तारांत होतो, आणि त्याची मोटार तशीच होती. येथे तीन-तीन तारांचे दोन गट मिळतात. गटातील तीन मापांपैकी दोन सारखी व एक दुप्पट येते, उदा. ५, ५ व १० ओहम. ज्या दोहोंत १० येतात ती टोके, उरलेली मधली तार. ड्रायव्हर चार तारांचा असल्यास मधल्या दोन्ही तारा टेप लावून मोकळ्या ठेवाव्यात.

मीटर नसेल तर सुट्या मोटारीच्या दोन तारा एकमेकींना जोडून दांडा हाताने फिरवावा. तो जड लागला तर तारा एकाच वाइंडिंगच्या.

जोड्या जुळल्यावर मोटार फिरली, पण उलटी. वीज बंद करून एकाच वाइंडिंगची दोन टोके अदलाबदल केली. वीज चालू असताना तार काढल्यास ड्रायव्हर जळू शकतो, हे त्याला आधीच बजावले होते.