पत्रिकेवरचं काळं अक्षर

रेडिओवरून अक्षराचं रूप सांगायचं म्हणजे अंधारात दागिना दाखवण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो. तळहातावर बोटानं एक जाड उभी रेघ ओढा. तिला वर आणि खाली तिरकं, धारदार टोक द्या. शेजारी तशीच दुसरी, मग तिसरी. गोलाई कुठंच नको. जिथं वळायचं तिथं रेघ मोडायची. झालं इंग्रजीतलं छोटं 'एम'. या वळणाला 'ब्लॅकलेटर' म्हणतात. पान भरलं की पांढरं कमी आणि काळं जास्त दिसतं, म्हणून हे नाव. आपल्याकडे छापखान्यात आणि डीटीपीच्या दुकानात त्याला 'ओल्ड इंग्लिश' म्हणतात.

माझी त्याच्याशी गाठ पडली ती भाचीच्या लग्नात. पत्रिका छापायला पिंपळनेरातल्याच एका दुकानात गेलो. कॉम्प्युटरवरचा पोरगा म्हणाला, "चाचा, हाऊ फॉन्ट भारी शे!" आणि त्यानं वर ७८६, खाली मराठी मजकूर आणि मधोमध नवरा-नवरीची इंग्रजी नावं त्या वळणात टाकली. नमुना घरी आणला. मी बी. ए. झालेला माणूस, पण मला भाचीचं नाव वाचता येईना. मोठ्या मामूंनी तर ती नक्षी पाहिली, वरचा ७८६ पाहिला आणि आयत समजून कागद डोळ्यांना लावला.

चूक पोराची एवढीच, की त्यानं सगळी अक्षरं मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटलमध्ये घेतली. या वळणातलं मोठं अक्षर शब्दाच्या तोंडाशी एकट्यानं मिरवायला घडवलेलं असतं. एका मांडवात सेहरा बांधलेले दहा नवरदेव उभे केले, तर वरात कोणाची हे कसं कळणार? छोटी अक्षरंही तशी सोपी नाहीत. आय, एन, यू, एम ही सगळी त्याच उभ्या रेघांची. 'मिनिमम' हा शब्द लिहिला तर नुसत्या पंधरा रेघा! आयच्या डोक्यावर टिंब आलं तेही अशा गर्दीत तो ओळखू यावा म्हणूनच.

हे वळण रुंद टोकाच्या लेखणीतून आलं. आपला बोरू आठवा; त्याचा काप बदलला की अक्षराचा जाड-बारीकपणा बदलतो. जर्मनीत माइन्झ गावी गुटेनबर्गनं १४५५च्या सुमारास बायबल छापलं, ते याच वळणात. कारण तिथले लेखनिक धर्मग्रंथ तसेच लिहीत. नवं यंत्र आधी जुन्या हाताची नक्कल करतं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं, ते शिळाप्रेसवर, हाताच्याच वळणात. उर्दूच्या नस्तालिकची तिरपी चाल शिशाच्या खिळ्यांत नीट बसलीच नाही. १९८१ साली 'नूरी नस्तालिक' संगणकावर येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रं कातिबांच्या हातावरच चालली.

इटलीतल्या विद्वानांना मात्र हे मोडकं वळण आवडत नव्हतं. त्यांनी त्याला 'गॉथिक', म्हणजे रानटी, म्हणून हिणवलं आणि गोल, मोकळं रोमन अक्षर उचललं. जर्मन लोकांनी आपलं सोडलं नाही. पुढं ते जर्मनपणाची खूणच झालं. नाझींनीही आधी ते मिरवलं. आणि ३ जानेवारी १९४१ रोजी हिटलरच्या हुकमानं बोरमाननं परिपत्रक काढलं, की ही तर ज्यूंची अक्षरं आहेत, यापुढे वापरू नयेत. गंमत म्हणजे, त्या कागदाच्या माथ्यावर पक्षाचं नाव त्याच अक्षरांत छापलेलं होतं. युद्ध संपलं आणि जगानं त्याच अक्षराला नाझींचं ठरवलं. बिचाऱ्या अक्षरानं कोणाकोणाचे शिक्के अंगावर घ्यावेत?

मला हे जरा जास्त लागतं. साहित्य संमेलनात कोणी पाठीवर हात ठेवून म्हणतं, "तुमचं मराठी छान आहे हो!" जणू मी ते उसनं आणलंय. आणि या लग्नात आमच्याच एका पाहुण्यानं विचारलं, "पत्रिका उर्दूत का नाही?" अहो, बोलावणं ज्यांना करायचं ते शेजारी, शेतातले सोबती, आमची स्वतःची नवी पोरं, सगळे देवनागरीच वाचतात. त्यांना वाचता येणार नाही ती पत्रिका कसली?

अजूनही हे काळं अक्षर पोटापाण्याला लागलेलं आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स', 'वॉशिंग्टन पोस्ट', लंडनचा 'डेली टेलिग्राफ' यांची नावं त्यातच छापतात. बातम्या मात्र साध्या अक्षरात. प्रमाणपत्राचा मथळा, बाटलीवरचं लेबल, दंडावरचं गोंदण, जिथं जुनेपणाचा किंवा दराऱ्याचा भास हवा तिथं ते शोभतं. दोन-तीन शब्द, ठळक आकार, भोवती मोकळी जागा, एवढं सांभाळलं की पुरे. बुलेटवाल्या पोरांनी मात्र ते नंबरप्लेटवर चढवू नये. तिथं कलाकुसर नियमात बसत नाही.

मी पुन्हा दुकानात गेलो. नावं साध्या मराठीत घ्यायला लावली आणि त्या वळणात फक्त दोन आद्याक्षरं ठेवली, वरच्या बाजूला, भरपूर जागा सोडून. पोरगा जरा हिरमुसला. छापून आलेली पत्रिका मामूंना दिली, तर त्यांनी चष्मा लावून भाचीचं नाव मोठ्यानं वाचलं. मग त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून मला विचारलं, "आणि ही आयत कोणती?"