नोकराची झडती

आमच्या बेगम बाजारातून किराणा माल भरून लॉऱ्या सुटतात. वाटेत पोलिसांनी थांबविल्यास ड्रायव्हरला यंत्रात फुंकावे लागते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वये 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास तो गुन्हा होय. यात अन्याय आहे असे आम्हांस वाटत नाही. रस्त्यावरील सर्वांचाच जीव त्याच्या हाती असतो. परंतु दुकानात वह्या लिहिणाऱ्या मुनिमाचे मूत्र मालकाने तपासावयास मागितले तर?

सरकारी नियमान्वये रेल्वे कामगारांचे रक्त वा मूत्र तपासणे ही झडतीच होय, मात्र मोठ्या अपघातानंतर ती वाजवी, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये ठरविले. तेथील आदिवासी जमातींची गोष्ट निराळी. त्यांना स्वतःची सरकारे व न्यायालये आहेत, आणि कित्येक लोक त्यांच्या नोकरीत आहेत. राज्यघटनेतील नागरी हक्कांचे बंधन या सरकारांवर नाही, असा 1896 चा निकाल आहे. म्हणून 1968 मध्ये वेगळा कायदा करून अवाजवी झडतीस तेथेही मनाई झाली. पण नोकरी गेलेल्याने दाद कोठे मागावी? 1978 च्या निकालाप्रमाणे सामान्यतः जमातीच्याच न्यायालयात! आम्हांस हे प्रथम विचित्र वाटले. तथापि स्वराज्यात न्यायदानही आलेच.

आपल्याकडे आदिलाबादच्या बाजूस गोंडांची पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1996 च्या केंद्रीय कायद्यात तेथील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालू देण्याची तरतूद आहे. कोणाचे रक्त तपासण्याचा उल्लेख तीत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निर्णय मात्र त्या गोंडासही लागू आहे आणि आमच्या मुनिमासही.