पाकीट एकाचं, पत्र दुसऱ्याचं

1982च्या ऑगस्टमध्ये जोनाथन पोस्टेल यांनी ई-मेल पोचवण्याचे नियम लिहिले. पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं धरायचं, असा तो व्यवहार होता. जाळं लहान होतं, तेवढ्यावर भागत होतं. पुढे त्याच नियमांवर बँकांचा पत्रव्यवहार आला आणि बँकेच्या नावाने कोणीही मेल धाडू लागलं.

2003 मध्ये मेंग वेंग वाँग यांनी एसपीएफ मांडलं. आपला मेल कोणत्या सर्व्हरवरून निघतो, हे डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, जाहीर करायचं. पण ही तपासणी पाकिटावरच्या नावाची. वाचणाऱ्याला दिसतं ते आतल्या पत्रावरचं. शिवाय मेल कुणी पुढे धाडला की सर्व्हर बदलतो आणि खराही खोटा ठरतो. याहू आणि सिस्को यांच्या योजना एकत्र येऊन 2007 मध्ये डीकेआयएम आलं, त्यात मेलवरच सही. मजकुराला धक्का लागला नाही तर ती कितीही हात बदलले तरी टिकते. या साऱ्या खटाटोपात मला हीच कल्पना सर्वांत देखणी वाटते. 2012 मध्ये जाहीर झालेल्या डीमार्कने या तपासण्यांची सांगड पत्रावर दिसणाऱ्या नावाशी घातली. नाव जुळलं नाही तर मेल येऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की नाकारायचा, हेही मालकाला सांगता येऊ लागलं.

एप्रिल 2014 मध्ये याहूने आपल्या ग्राहकांच्या पत्त्यांसाठी ‘नाकारा’ असं जाहीर केलं. तोतयांचा त्रास खरा होता. पण मार बसला तो गटांना, जिथे एकाने लिहिलेलं पत्र सगळ्यांना जातं. गटाचा सर्व्हर विषयाच्या ओळीत गटाचं नाव जोडायचा, तेवढ्याने सही मोडायची. मग याहूवाल्या सभासदाचं पत्र जीमेल परत पाठवायचं. परत आलेल्या पत्रांची मोजदाद जीमेलवाल्या सभासदाच्या खाती पडायची आणि काहीच न केलेला तो सभासद गटातून वगळला जायचा. वर्षानुवर्षं फुकट गट चालवणाऱ्यांना आधी विचारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

फेब्रुवारी 2024पासून जीमेल आणि याहूने घाऊक मेल धाडणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या हिशेबी घाऊक म्हणजे दिवसाला 5000. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत हव्यात. मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टही त्याच वाटेने गेलं. मात्र डीमार्कमध्ये ‘येऊ द्या’ एवढं लिहिलेलं या तिघांनाही चालतं.