नव्या मुलखांत जमीन घेण्यापूर्वीं

कोरडवाहू मुलखांतील जमीन विकून पाटाखालीं जावें, हा विचार आपल्या शेतकरी वर्गांत आजकालचा नाहीं. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास बारामतीकडील रानांत आलें, तेव्हांपासून बाहेरगांवचे बागाईतदार तिकडे जात आले. पुढें गोदावरी व प्रवरा यांचे कालवे झाले. स्वातंत्र्यानंतर मुळा, जायकवाडी, उजनी हीं धरणें झालीं. आणि नवें पाणी आलें कीं नवे लोक, हा क्रम चालू राहिला. हल्लीं त्यांत आणखी एका वर्गाची भर पडली आहे. मोठ्या शहरांच्या आसपास ज्यांची जमीन रस्त्याखालीं किंवा कारखान्यांच्या वसाहतीखालीं गेली, त्यांच्या हातीं एकदम मोठी रक्कम येते. ती खर्चून जाण्यापूर्वीं दूरच्या मुलखांत कां होईना, पण जमीन घ्यावी असें त्यांस वाटतें. वाटणें गैर नाहीं. परंतु बैल घेतांना जो मनुष्य त्याचे दांत, खूर व खांदा पाहून, चार तासें औत ओढवून मग पैसे मोजतो, तोच मनुष्य आठ एकर जमीन एका दुपारीं, मोटारींतून उतरून, बांधावर उभ्याउभ्या पसंत करतो, हें अनेकदां पाहण्यांत येतें.

प्रस्तुत लेखकाच्या घरचीच हकीकत सांगतों. माझ्या चुलत्यांनीं गांवची १४ एकर जिराईत विकून एका कालव्याच्या चारीखालीं ८ एकर काळी जमीन घेतली. पाहावयास गेले ते कार्तिकांत. मी लहान होतों, पण बरोबर होतों. शाळू गुडघ्यास लागला होता, शेजारीं ऊस उभा होता, आणि चारी कांठोकांठ वाहत होती. दलालानें आम्हांस मळ्याच्या वरच्या अंगानें फिरवून आणलें. खालच्या अंगास एक तुकडा पड दिसला. तो कां पडला असें चुलत्यांनीं विचारतां, भाऊबंदांचा तंटा आहे असें उत्तर मिळालें. काकूंनीं तेथल्या विहिरीच्या पाण्याचा चहा घेतला, आणि परत येतांना त्या म्हणाल्या, "चहा मचूळ लागला." त्या बोलण्याकडे कोणींच लक्ष दिलें नाहीं. पहिलीं तीन वर्षें ऊस उत्तम आला. चौथ्या वर्षीं खालच्या बांधाशीं उगवण विरळ झाली. सातव्या वर्षीं, भर उन्हाळ्यांत, आठांपैकीं पांच एकरांवर मिठासारखा पांढरा थर दिसूं लागला. गांवची जमीन तर विकली गेली होती. उरलेल्या तीन एकरांवर सहा माणसांचा संसार पडला.

यांत चुलत्यांचें नशीब खोटें होतें असें आमच्या घरीं अद्यापि म्हणतात. वास्तविक त्यांत नशिबाचा भाग फारच थोडा होता. पाटाखालच्या काळ्या जमिनी बिघडतात हें नीरेच्या खोऱ्यांत शंभर वर्षांपूर्वींच ठाऊक झालेलें होतें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे यांनीं तेथील खारवट जमिनींवर १९१० सालीं स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली होती. बिघाड कसा होतो तें समजून घेतलें, म्हणजे पाहणींत काय पाहावें तें आपोआप कळूं लागतें. कालवा येण्यापूर्वीं विहिरींचें पाणी खोल असतें. कालवा सुरू झाला कीं पाटाच्या तळांतून व वरच्या मळ्यांच्या भिजवणींतून पाणी झिरपत राहतें, मुरुमाच्या थरांतून उताराकडे सरकतें, आणि सखल भागांत भारी काळ्या मातीखालीं येऊन कोंडतें. तें जमिनीपासून तीनचार फुटांवर आलें, कीं दिव्याची वात जसें तेल ओढते तशी माती तें पाणी वर ओढते. पाणी उन्हानें उडून जातें, त्यांतील क्षार मात्र वरच राहतात. जमिनीच्या मालकानें स्वतः पाणी बेतानें वापरलें तरी वरच्या शेजाऱ्याचें पाणी त्याच्या पोटांत येतेंच. म्हणून घ्यावयाच्या जमिनीइतकीच तिच्या वरची व खालची जमीनहि पाहणें अवश्य आहे.

आतां पाहणीच्या वेळेविषयीं. एक फेरी पुरत नाहीं. कार्तिकांत सर्व रान हिरवें असतें, आणि पावसानें क्षारहि खालीं धुऊन गेलेले असतात. त्या वेळीं जमीन पाहणें म्हणजे नवरी मुलगी लग्नाच्या शालूंतच पाहण्यासारखें होय. तथापि कार्तिकाचा एक उपयोग आहे. पावसाळ्यानंतर भूगर्भांतील पाणी सर्वांत वर आलेलें असतें, सबब त्या फेरींत दोरीस दगड बांधून आसपासच्या पांचसहा विहिरींचें पाणी किती हातांवर आहे तें मोजून घ्यावें. सखल भागांतील विहिरीचें पाणी कार्तिकांत चारपांच फुटांवर असेल, तर त्या जमिनीचें पुढें काय होणार हें ज्योतिषास विचारण्याची गरज नाहीं. दुसरी फेरी चैत्र-वैशाखांत करावी. तेव्हां पांढरे चट्टे उघडे पडतात, चारीच्या शेवटास पाणी येतें कीं नाहीं तें कळतें, आणि पिण्याच्या पाण्याची खरी स्थितीहि दिसते.

दोन्ही फेऱ्यांत मुक्काम गांवांतच करावा. तालुक्याच्या गांवीं लॉजमध्यें उतरून दिवसा येऊन जाऊं नये. मुक्कामानें ज्या गोष्टी कळतात त्या प्रश्न विचारून कळत नाहींत. घरांच्या भिंतींस कंबरेपर्यंत लोणा लागला आहे काय, तुरीची डाळ शिजावयास किती वेळ लागतो, साबणाचा फेस होतो कीं दह्यासारखा साका होतो, हें एका रात्रींत समजतें. गूळ मागून खावा; खारवट जमिनीच्या उसाचा गूळ काळपट होतो व जिभेस खारट लागतो. आणि ज्यांस तेथें जन्म काढावयाचा आहे त्या घरच्या बायकांस दोनपैकीं एका फेरींत तरी बरोबर न्यावें. आमच्या घरांत त्या दिवशीं जमिनीची खरी परीक्षा काकूंच्या जिभेनेंच केली होती.

शेतांत गेल्यावर आधीं सखल कोपऱ्याकडे जावें, कारण मालक व दलाल तिकडे आपण होऊन नेत नाहींत. नाल्याकांठीं व चारीच्या कडेनें पाणकणीस माजलें असेल, पडीक तुकड्यांत लव्हाळा व विलायती बाभूळ याखेरीज कांहीं वाढत नसेल, उसाच्या पात्यांचे शेंडे करपलेले असतील, ज्वारींत थाळ्याएवढे उघडे ठिपके दिसत असतील, तर समजावें. त्यानंतर मालकाच्या परवानगीनें तीन ठिकाणीं, वर, मध्यें व खालीं, पांचसहा फूट खोल खड्डे घ्यावे. खड्डे न जमल्यास गिरमिटानें माती काढावी. तीनचार फुटांवर मुरूम लागला तर निचरा बरा आहे. सखल जागीं सहा फुटांपर्यंत एकसारखी चिकट काळी मातीच लागत गेली, किंवा खालची माती करडी-निळसर व डागाळलेली निघाली, तर तेथें पाणी उभें राहतें हें नक्की. खड्डा एक रात्र उघडा ठेवून सकाळीं त्यांत पाणी किती चढलें तें पाहावें. प्रत्येक खड्ड्यांतून एक फुटावरची व तीन फुटांवरची माती, तसेंच विहिरीचें पाणी, माती-परीक्षणाच्या शाळेंत पाठवावें. मातीचा सामू ८.५ च्या वर आला, तर ती चोपणाकडे झुकलेली आहे. अशी जमीन ओली झाली कीं साबणासारखी चिकट व वाळली कीं दगडासारखी कठीण होते. या सगळ्या खटाटोपास खर्च येतो हें खरें; पण खरेदीखताच्या मुद्रांकापुढें तो कांहींच नाहीं.

पाण्याच्या बाबतींत "बारमाही पाटाचें पाणी" या शब्दांवर कोणीहि विसंबूं नये. जमीन चारीच्या तोंडाशीं आहे, मध्यें आहे कीं शेवटीं आहे, यावर सर्व अवलंबून आहे. तोंडाशीं असलेले बागाईतदार आपली पाळी संपली तरी दार उघडें ठेवतात, आणि शेवटच्यांना रात्रीं कंदील घेऊन ओल्या पाटांत बसावें लागतें. हल्लीं कंदिलाच्या जागीं विजेरी आली, एवढाच फरक. पाटकऱ्यास, आणि त्याहिपेक्षां शेवटच्या शेतकऱ्यास, विचारावें कीं २००३, २०१२ व २०१५ या अवर्षणाच्या सालीं उन्हाळी पाळ्या किती मिळाल्या. चांगल्या सालाचें पाणी कोणीहि सांगेल. मालकानें पाण्याचा सात नंबरचा अर्ज दरसाल भरला होता काय, पाणीपट्टी थकली आहे काय, हेंहि पाहावें. धरणांतून शहरांस व कारखान्यांस जाणारें पाणी वाढत चाललें आहे, आणि तुटवड्याच्या सालीं पिण्याच्या पाण्याचा हक्क आधीं लागतो. तेव्हां धरण कितीहि मोठें असलें तरी त्याचें सारें पाणी शेतकऱ्याचें आहे असें मानणें धोक्याचें आहे.

मजूर, बाजारपेठ, दवाखाना व शाळा यांची चौकशी बहुतेक लोक करतातच, म्हणून तिचा विस्तार करीत नाहीं. कागदांविषयीं मात्र थोडें लिहिणें प्राप्त आहे. सातबाराचा नुसता चालू उतारा पाहून थांबूं नये. मागील तीस वर्षांचे फेरफार काढून वाचावे व "इतर हक्क" हा रकाना शब्दशः वाचावा. कालव्याच्या लाभक्षेत्रांत कित्येक जमिनींवर धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठीं राखीव असल्याची, व म्हणून विक्रीस बंदी असल्याची, नोंद असते. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून व्यवहार पुरा होत नाहीं. दुसरी गोष्ट कमाल धारणेची. १९६१ च्या कायद्यान्वये सामान्य कुटुंबास कोरडवाहू जमीन ५४ एकरांपर्यंत ठेवतां येते, तर खात्रीच्या बारमाही पाण्याची १८ एकरांपर्यंतच; मोठ्या खातेदारांनीं हा हिशेब आधीं करून ठेवावा. तिसरी गोष्ट अशी कीं, १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहसा विकत घेतां येत नाहीं. म्हणून घरची सगळी जमीन विकून नांवावर एक गुंठाहि न ठेवतां नवी शोधावयास निघणाऱ्याची पुढें कचेरींत अडवणूक होण्याचा संभव आहे. निदान शेतकरी असल्याचा पुरावा हातीं असावा. आणि बनेल तर विहिरीसह एखादा तुकडा मूळ गांवीं ठेवून द्यावा.

सासवडकडील माळी समाजाचे बागाईतदार बारामतीच्या व पुढें कोपरगांवच्या पाटाखालीं गेले, त्यांची रीत या कामीं लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांपैकीं कित्येकांनीं पहिल्यानें स्थानिक मालकांच्या जमिनी खंडानें घेऊन त्यांत ऊस केला. कोणतें रान पाणी पचवतें, कोठें उपळ फुटते, मजूर कोणत्या महिन्यांत मिळत नाहींत, हें सर्व दुसऱ्याच्या जमिनीवर शिकून झालें. याच लोकांनीं पुढें १९३२ सालीं माळशिरस तालुक्यांत, नीरेच्या उजव्या कालव्याच्या मुलखांत, माळीनगर येथें साखर कारखान्याची स्वतःची कंपनी उभारली. आज कुळकायद्याच्या धास्तीनें मालक लेखी खंड करून देण्यास कचरतात, ही अडचण आहे खरी. तरी पण एखादें वर्ष निमे वाट्यानें रान करावयास अजूनहि मिळतें. घरांतील एका भावानें तेथें एक उन्हाळा व एक पावसाळा काढावा, बाकीच्यांनीं मूळ गांवचें औत सोडूं नये.

बिघडलेली जमीन स्वस्तांत घेऊन सुधारूं, असें म्हणणारेहि आढळतात. सुधारणा अशक्य नाहीं. आधीं चर खणून किंवा जमिनींत सच्छिद्र नळ्या पुरून पाण्यास वाट करून द्यावी लागते. जमीन चोपण असेल तर निचरा झाल्यावर जिप्सम घालावें लागतें, व त्यानंतर क्षार धुऊन काढावे लागतात. निचरा न करतां नुसतें जिप्सम टाकणें म्हणजे पैसे चिखलांत टाकणें. आणि काढलेलें पाणी शेवटीं नाल्यास सोडावयाचें तर मध्यें शेजाऱ्यांचीं शेतें असतात. माझ्या चुलत भावानें त्या पांच एकरांत अलीकडे नळ्या पुरल्या. पाणी नाल्यापर्यंत नेण्यास खालच्या दोन मालकांची संमति मिळण्यांतच दोन वर्षें गेलीं. आज तीन एकर पुन्हां पिकास आली आहे. नाल्याकडच्या दोन एकरांत पाणकणीस अद्यापि आहे.